उपटून टाकायची भाजी

आमचे हे क्लबच्या मैदानावर माळी आहेत. माळी म्हटलं की लोकांना फुलं आठवतात. ह्यांनी उभ्या जन्मात फुलाचं एक रोप लावलं असेल तर शपथ. ह्यांचं काम म्हणजे गवत. गवत वाढवायचं, कापायचं, त्यावर रोलर फिरवायचा, खेळाच्या पांढऱ्या पट्ट्या मारायच्या, आणि गवत सोडून दुसरं काही डोकं वर काढताना दिसलं की मुळासकट उपटायचं. ह्यातलं शेवटचं काम ह्यांच्या विशेष आवडीचं.

त्यातही घोळीवर ह्यांचा दात होता. घोळ म्हणजे ती जमिनीला चिकटून पसरणारी भाजी, लालसर देठांची, जाड जाड इवल्या पानांची. कुंपणाजवळ, गटाराच्या कडेला, फरशीच्या फटीत, कुठेही उगवते. उपटून तिथेच टाकली तर मेल्याचं सोंग घेते आणि पुन्हा मूळ धरते. म्हणून हे ती पोत्यात भरून लांब नेऊन टाकायचे. "तुझ्या आईसारखी आहे," मला म्हणायचे, "एकदा आली की हलायचं नाव नाही." माझी आई जाऊन किती काळ लोटला, पण ह्यांचा तो विनोद काही गेला नाही.

माणूस तसा वाईट नाही हो. कामाला वाघ. पट्टी मारायची तर दोरी न लावता, नुसत्या नजरेने, आणि ती अशी सरळ की कोच लोक पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. पण एक भलतीच खोड होती. आजारी माणसाची टिंगल करायची. स्वतः कधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही, त्याचा केवढा तोरा! गेटवरचा वॉचमन बिचारा रक्तदाबाच्या गोळ्या डबीत घालून आणायचा, तर हे लांबूनच ओरडायचे, "आला बघा दवाखाना चालत." मला ताप आला तरी आधी विचारणार, "काय खाल्लं होतंस?" जणू आजार हा माणसाने चोरी केल्यासारखा करायचा असतो.

ही अकड आली कुठून, कुणास ठाऊक. कारण लहानपणी हेच औषधाला इतके घाबरायचे की घर डोक्यावर घ्यायचे. मला हे माझ्या नणंदेनं सांगितलंय. वन्सं ह्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. आई कामावर जायची, म्हणून ह्यांना त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलं. ताप आला की कडू औषधाचा चमचा पुढे केला रे केला, की हे तोंड गच्च मिटायचे आणि म्हणायचे, "आधी तू." मग वन्सं आधी स्वतः घोटभर प्यायच्या, वाकडं तोंड न करता, आणि मग हे प्यायचे. "माझ्या अंगात ह्याचीच औषधं जास्त गेलीत," असं त्या हसून सांगायच्या. ह्यांना अजून त्या बारक्या म्हणतात. चार माणसांत हाक मारली की हे लाल व्हायचे, पण ओ द्यायचेच.

वन्संचं मागच्या गल्लीत कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. चेन बदलणं, पँट आखूड करणं, फाटलेलं रफू करणं. एकटा जीव. दुकानाच्या मागेच एक खोली, त्यात पलंग आणि गॅस. मशीन पायाने चालवायचं, जुनं, काळं, जड. मोटर बसवा म्हटलं तर म्हणायच्या, "पाय आहेत ना मला. मोटरला काय कळतंय कापड कुठे अडलंय ते." साखरेचा आजार त्यांना फार जुना. गोळ्या घ्यायच्या, पोट बिघडायचं, कुरकुर करायच्या, पण घ्यायच्या.

आणि मग एक दिवस ह्यांची पट्टी वाकडी गेली.

मोठा सामना होता. हे पट्टी मारायचं यंत्र ढकलत निघाले, आणि मध्यावर आल्यावर पट्टी जी वळली ती थेट गोलपोस्टच्या खांबाकडे. हे खाली बसले. लोक आधी हसले, मग पाणी घेऊन धावले. तहान तर महिनाभर लागतच होती, पँटचा पट्टाही आत आत चालला होता, पण सांगेल तो माणूस कसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली आणि सांगितलं, साखर आहे, आणि भरपूर आहे. गोळ्या लिहून दिल्या. चहातली साखर बंद, बिस्किटं बंद, भात कमी, पालेभाज्या भरपूर, असं पथ्यही सांगितलं. परत येताना ह्यांची मान अशी खाली, जणू बाईंनी ह्यांना कुणाच्या खिशात हात घालताना पकडलं होतं.

घरी आल्यावर चिठ्ठीचे दोन तुकडे केले. "गोळ्या-बिळ्या मी घेणार नाही. पालेभाजी सांगितलीये ना? पालेभाजी खाईन."

मी काय कमी बोलले का! घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे पोतं घेऊन घरी आले, त्यात घोळ. कोचच्या सासूबाईंनी कुठेतरी वाचलं होतं की घोळ साखरेला चांगली. "आयुष्यभर उपटून फेकली," हे म्हणाले, "आता खाऊन संपवतो."

मग काय, रोज घोळ. मी ती तीन पाण्यांतून धुवायची, लसूण घालून परतायची. आंबूस लागते, जराशी बुळबुळीत, पण वाईट नाही. हे बाकी कौतुकाने मला शिकवायचे. घोळीसारखीच दिसणारी दुधी नावाची एक वनस्पती असते, देठ मोडला की पांढरा चीक येतो, ती विषारी, ती घ्यायची नाही. फवारणी केलेल्या कडेची घ्यायची नाही. गटाराजवळची घ्यायची नाही. अर्ध्या ताटात भाजी, चहा बिनसाखरेचा. आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर साखर खाली! मला तर देव भेटल्यासारखं झालं. इस्त्रीच्या दुकानात, जिथे मी काम करते, तिथे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं. आमच्या ह्यांनी एकही गोळी न घेता साखर उतरवली, नुसत्या भाजीवर! हातात गरम इस्त्री आणि तोंडात नवऱ्याचं कौतुक. आज आठवलं की त्या इस्त्रीने स्वतःचेच ओठ भाजावेत असं वाटतं.

बातमी मैदानभर झाली. कोच आले, कोचच्या सासूबाई आल्या, ऑफिसातली कारकून बाई आली. वॉचमनसुद्धा आपली डबी खिशात लपवून आला. हे प्रत्येकाला वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीची जुडी द्यायचे आणि वर भाषण. "शरीर हे मैदानासारखं असतं. चांगलं उगवू द्या, वाईट उपटा. औषधं म्हणजे फवारणी." लोक ह्यांना घोळबाबा म्हणायला लागले. पोरं म्हणायची, "बाबांनी घोळ घातला," आणि हे त्यावरही खूश. लोकांनी आपल्याला विचारावं ह्याची माणसाला किती भूक असते, ते मी तेव्हा पाहिलं. ती कोणत्याच भाजीने भागत नाही.

वन्सं एका रविवारी दुपारी आल्या. मी चहा ठेवला होता. त्या खुर्चीत बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"बारक्या, खरं सांग. तू गोळी घेत नाहीस?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"अगं ताई, नाही म्हटलं ना." ह्यांनी दोन बोटांनी स्वतःच्या गळ्याची कातडी धरली. "तुझी गळ्याशपथ."

वन्सं हसल्या. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "मग मी पण सोडते बाई. त्या गोळ्यांनी माझ्या पोटाचं पार पोतेरं केलंय."

मी तिथेच उभी होते, हातात चहाची गाळणी. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारून सोडा." तर वन्सं म्हणाल्या, "डॉक्टर माझा कोण? हा माझा भाऊ आहे." हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, बहिणीचा विश्वास बघून भरून आलं असेल. केवढी मी भोळी!

त्या दिवसापासून हे रोज सकाळी मैदानावर जाता जाता वन्संच्या दुकानात भाजीची जुडी टाकायचे. सुरुवातीला त्या खुशीत होत्या. पोट शांत, तोंडाला चव. मग हळूहळू त्या वाळायला लागल्या. मी म्हटलं, "वन्सं, बारीक झालात, छान दिसता." त्या म्हणाल्या, "हो ना, भाजीची कृपा." तहान लागते का विचारलं तर म्हणायच्या, उन्हाळाच आहे बाई. डोळ्यांपुढे दोरा अंधुक दिसतो म्हणायच्या, पण तो वयाचा दोष. रक्त तपासून आलात का विचारलं की विषय बदलायच्या. पुढे पुढे तर आमच्याकडे येणंच कमी केलं.

एकदा मीच जेवायला बोलावलं. कोच आणि त्यांच्या सासूबाईही होत्या, कारण ह्यांना आता पंगतीत भाषण केल्याशिवाय घास उतरत नव्हता. बोलता बोलता सासूबाईंनी विचारलं, "तुमच्या ताईंचीही उतरली असेल ना हो?" वन्सं खाली बघून म्हणाल्या, "मागच्या वेळी जरा जास्तच आली."

आणि ह्यांनी काय केलं? हसले. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. "चोरून बिस्किटं खात असशील तू. पथ्य पाळलं नाही तर भाजी बिचारी काय करणार? मी पाळतो, बघा, माझ्यात फरक पडला की नाही?"

पाहुणेही हसले. वन्संही हसल्या, पदर तोंडाला लावून, चोरी पकडल्यासारख्या. म्हणाल्या, "असेल बाई, माझंच कुठेतरी चुकत असेल." त्यांनी ताटातला भात बाजूला सारला आणि पुन्हा भाजी वाढून घेतली. मला ते हसणं खटकलं, पण माझा नवरा खरा आणि नणंद चटोर, असंच माझ्याही मनात आलं. हे सांगताना मला लाज वाटते, पण आलं होतं.

पुढचं आम्हाला कळलं ते दुकानातल्या एका गिऱ्हाइकामुळे. कॉलेजची मुलगी, बॅगेची चेन बसवायला गेली होती. ती धावत इस्त्रीच्या दुकानात आली आणि म्हणाली, "काकू, त्यांच्या मशीनच्या पायटीवर रक्त आहे, आणि त्यांना माहीतच नाही."

मी इस्त्री टाकून पळाले. वन्सं मशीनवर बसून शिवतच होत्या. उजवा पाय पायटीवर वर-खाली चालू होता. दुकानात कसला तरी घाण वास होता. मी खाली बसून त्यांच्या पायातला मोजा काढला. त्या "नको, नको गं" म्हणत पाय ओढून घेत होत्या. अंगठा काळा पडला होता. टाचणी घुसली होती, कधी घुसली कुणास ठाऊक. तीस-चाळीस टाचण्या रोज खाली पडतात त्या दुकानात. साखरेने पायाची जाणीवच गेली होती. टाचणी नंतर सापडली त्यांना, पण जखम भरेना. त्यांनी कापूस लावला, चिंधी बांधली, वरून मोजा चढवला आणि मशीन चालवत राहिल्या.

"दाखवलं का नाही?" मी ओरडले. अक्षरशः ओरडले.

त्या म्हणाल्या, "बारक्याला सांगू नकोस."

सरकारी दवाखान्यात नेलं. साखर इतकी चढलेली की नर्सने सुई दुसऱ्यांदा टोचून पाहिली. अंगठा काढावा लागणार, आणि तेवढ्यावर थांबलं तर नशीब, नाहीतर पाय. डॉक्टर तरुण होता, चिडलेला. हे तोवर मैदानावरून तसेच आले होते, गुडघ्यांना माती, हाताला चुन्याची पांढरी पूड. डॉक्टरने वन्संना विचारलं, "गोळ्या घेत होतात ना? बंद कुणी केल्या?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत होते. आता बोलतील, मला वाटलं. आता तरी म्हणतील, मी भाजी दिली, माझ्यामुळे सोडल्या.

वन्सं म्हणाल्या, "कुणी नाही हो. मीच. विसरत गेले."

"विसरत गेलात?"

"म्हातारपण," त्या म्हणाल्या आणि डॉक्टरकडे बघून ओशाळं हसल्या.

भावाला सांभाळून घेतलं त्यांनी. पायाचं काय होणार ते माहीत नाही, आणि ह्या बाईला काळजी कसली, तर चारचौघांत बारक्याची मान खाली जाऊ नये. आणि हे उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला तेव्हा वाटलं, ह्यांना नुसती आपल्या भाजीची लाज वाटतेय. खरं काय ते अजून मला कळायचं होतं.

दवाखान्याच्या दारातच औषधांचं दुकान आहे. वन्संची इंजेक्शनं आणायला मी गेले. आम्ही सगळे त्याच भागातले, दुकानदार ओळखीचा. त्याने इंजेक्शनं पिशवीत घातली आणि सहज म्हणाला, "वहिनी, साहेबांच्या साखरेच्या गोळ्याही देऊन टाकू? ह्या महिन्याच्या नेल्या नाहीत अजून."

"कुठल्या साहेबांच्या?"

"तुमच्या. दर महिन्याला नेतात की. वर्ष होत आलं." माझा चेहरा बघून तो चपापला. "तुम्हाला माहीत नाही?"

कोंबडं झाकलं म्हणून काही तांबडं फुटायचं राहत नाही. पण ते माझ्यासमोर असं फुटेल, औषधाच्या दुकानात, हातात नणंदेची पिशवी असताना, असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "द्या." गोळ्या घेतल्या. जिन्यावर हे बसले होते, गुडघ्यांत डोकं घालून. मी पाकीट त्यांच्या मांडीवर टाकलं.

ह्यांनी ते उचललं नाही. कुणाच्या आहेत विचारलं नाही. तिथेच मला सगळं उत्तर मिळालं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यापासून." ह्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "पायाला मुंग्या यायला लागल्या. घाबरलो मी. दुसरी चिठ्ठी लिहून आणली डॉक्टरीणबाईंकडून. शेडमध्ये चुन्याच्या डब्यामागे ठेवायचो. तुझ्यासमोर चिठ्ठी फाडली होती ना. वॉचमनला इतकं चिडवलं होतं. मग लोक विचारायला लागले आणि..."

"आणि ताईच्या गळ्याची शपथ घेतलीत."

हे हातावरचा चुना खरवडायला लागले.

"आणि तिला म्हणालात, चोरून बिस्किटं खातेस. गोळी तुमच्या पोटात आणि बोल तिच्या माथी!" जिन्यावरून माणसं येत-जात होती, पण माझा आवाज काही खाली येईना. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! अहो, शत्रूने शत्रूशी असं वागू नये."

"ऑपरेशन होऊ दे," हे म्हणाले. "मग सांगतो. आत्ता तिला धक्का..."

"आत्ता. तुम्ही सांगता की मी सांगू?"

हे उठले. कठड्याला धरून उठले. मी पहिल्यांदाच ह्यांना कशाला तरी धरून उठताना पाहिलं.

वन्संचा पलंग खिडकीशी होता. पाय उशीवर ठेवलेला, पांढऱ्या पट्टीत. आम्हाला बघून त्या म्हणाल्या, "बारक्या, उद्या येताना जुडी आण रे. इथे भाजी कुणी देत नाही."

ह्यांनी पाकीट त्यांच्या चादरीवर ठेवलं. "ताई, ह्या माझ्या आहेत."

"कसल्या?"

"साखरेच्या. मी घेतो."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता माझं बघून सुरू केल्यास होय? बरं केलंस."

"आता नाही. पहिल्यापासून घेतोय. तुझी शपथ घेतली तेव्हाही घेत होतो."

वन्संनी पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मी वाट बघत होते की आता ओरडतील, मारतील एक थोबाडीत. त्यांना हक्क होता आणि मला तर हवंच होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तुझी पण नुसत्या भाजीनं उतरली नव्हती?"

"नाही गं. भाजी चांगली आहे, पण ती गोळीच्या सोबतीला. गोळीच्या जागी नाही. बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

वन्संनी डोकं उशीला टेकवलं. मग बोलायला लागल्या, ह्यांच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत.

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. तुला लागू पडली आणि मला नाही, म्हणजे मीच कुठेतरी कमी पडतेय. आधी वाटलं, फार धुते म्हणून जीव जातो भाजीतला. मग कमी धुतली. मग भात सोडला. एकदा त्या गिऱ्हाइकाच्या पोराने बिस्किट दिलं, अर्धं तोंडात टाकलं आणि तुझी आठवण आली, तर बाहेर जाऊन थुंकून आले. तरी साखर वरच. पायाचं दाखवायची लाज वाटली रे. तू विचारलं असतंस, काय खाल्लंस? आणि मी काहीच खाल्लं नव्हतं रे बारक्या. मी काहीच खाल्लं नव्हतं."

हे पलंगाच्या पायाशी खाली बसले, फरशीवर, आणि रडले. शेजारच्या पलंगावरच्या बाईने तोंड फिरवून घेतलं. मी त्यांना उठवलं नाही. नवरा असला तरी तेवढं रडणं त्यांचं देणं होतं.

अंगठा गेला. पाय वाचला. डॉक्टर म्हणाला, आठवडाभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. वन्सं आता डाव्या पायाने मशीन चालवतात. शिलाई पूर्वीसारखी एकसारखी येत नाही, मध्येच अडखळते. गिऱ्हाइकं चालवून घेतात. मोटर बसवायला अजूनही तयार नाहीत.

हे मैदानावर जातात, शर्टाच्या वरच्या खिशात गोळ्यांचं पाकीट, अर्धं बाहेर दिसेल असं. भाजी मागायला कुणी आलं की आधी पाकीट काढून दाखवतात. "हे घेतो मी. ह्याने उतरली. भाजी खा, जरूर खा, पोट भरतं, साखर हळू चढते. पण तुमची गोळी सोडू नका. मी सांगत होतो ते खोटं होतं." काही लोक ऐकून घेतात आणि पुन्हा येत नाहीत. कोचच्या सासूबाई तर बोलायच्याच बंद झाल्या. कारकून बाईचा विश्वासच बसेना, ती म्हणाली, "भाजी द्यायची नाही म्हणून नाटकं करताय." वॉचमनने मात्र आपली डबी काढून टेबलावर ह्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली आणि दोन कप चहा सांगितला, बिनसाखरेचा. हे म्हणतात, त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी मैदानावर जाण्याआधी हे अजून वन्संच्या दुकानात जुडी घेऊन जातात. मीही सोबत जाते, पायाची पट्टी बदलायला. वन्सं दोन ग्लासांत पाणी काढून ठेवतात. जुडी घेतात, भाजी ठीक आहे ना बघतात, देठ मोडून चीक येत नाही ना तेही बघतात. मग स्वतःची गोळी तळहातावर घेतात आणि ह्यांच्याकडे बघून म्हणतात, "आधी तू."

पहिल्या दिवशी मला हसू आलं. वाटलं, लहानपणची गंमत आठवली असेल. पण त्या हसत नव्हत्या.

ह्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले.

"तोंड उघड," वन्सं म्हणाल्या.

हे रोज तोंड उघडतात. जीभ उचलून दाखवतात. वन्सं वाकून नीट बघतात, आणि मगच आपली गोळी घेतात.